पाटावरचं पिस्तूल

पिस्तूल विकत घेतलं त्या दिवशी मला सगळ्यात जास्त हसू आलं ते त्याच्याबरोबर मिळालेल्या माहितीपत्रकाचं. चकचकीत कागदावर एक दाढीवाला गृहस्थ उभा, जाकीट जरासं बाजूला सारलेलं आणि कमरेला हेच पिस्तूल. खाली मजकूर असा, की हे दिवसभर अंगावर बाळगा, आहे असं जाणवणारही नाही. जर्मनीत मला ते बाळगायची परवानगी कशी आहे, तर रिकामं करून, कुलूपबंद पेटीत घालून, पेटी डिकीत ठेवून, घरून क्लबात आणि क्लबातून घरी. वाटेत मी दुधासाठीसुद्धा थांबत नाही. कमरेला लावण्यासाठी जन्माला आलेली वस्तू माझ्याकडे येऊन तिजोरीत बसली.

मी वोल्फ्सबुर्गच्या बाहेर एका लहान गावात राहते. गाड्यांच्या कारखान्यात दरवाजांच्या कुलपांवर काम करते. नवरा सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि बहुतेक दिवस घरूनच काम करतो. लेक बॉनला शिकते. नाशिकहून आलेल्या पन्नाशीच्या बाईला हे कुठलं खूळ लागलं, असं मला सगळे विचारतात, आणि विचारणाऱ्यांचा सूर असा असतो की मी एखादी टोळीच काढणार आहे. खरी गोष्ट साधी आहे. आमच्या गावात चार माणसं भेटण्याच्या दोनच जागा, एक अग्निशामक दल आणि दुसरा नेमबाजीचा फराईन, म्हणजे क्लब. माझं आग विझवण्याचं वय गेलं होतं. गावच्या जत्रेत ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं मला क्लबात ओढत नेलं, हातात हवेची बंदूक दिली, आणि त्या तासाभरात माझ्या डोक्यात काहीही चाललं नव्हतं. ना मीटिंग, ना लेकीच्या खोलीचं भाडं, ना कुणाला काय सुनवायचं राहून गेलं ते. माझा राग नाकावर असतो. हे मी कबूल करतेय असं नाही, सगळ्यांना ते माहीतच आहे. त्यामुळे डोकं तासभर गप्प बसलं याचं मला केवढं अप्रूप वाटलं!

पुढे वर्षाहून जास्त नियमित सराव झाला, परीक्षा झाली, पोलिसांकडून चौकशी झाली, भिंतीत बोल्ट मारून तिजोरी बसली. आमचं लग्न ठरवताना दोन्ही घरांनी मिळूनसुद्धा एवढी चौकशी केली नव्हती. तिजोरीचा आकडा फक्त मला ठाऊक असायला हवा, नवऱ्यालाही नाही. त्यावर त्यानं एक दिवस तोंड पाडून दाखवलं आणि दुसऱ्या दिवसापासून तो मला ‘बँक मॅनेजर’ म्हणायला लागला.

एवढं लहान पिस्तूल घेण्याचं कारण माझा हात. क्लबातली पिस्तुलं मोठ्या पंजांसाठी केलेली. ती धरली की माझा अंगठा मॅगझिन सोडायच्या बटणापर्यंत पोचायचा नाही आणि चापापर्यंत बोट न्यायचं तर अख्खी मूठ फिरवावी लागायची. हे छोटं दुकानात हातात घेतलं आणि बोटं आपापल्या जागी जाऊन बसली. करंगळी तेवढी खाली अधांतरी राहिली, तिला जागाच नव्हती. तेवढं चालायचंच, असं म्हणून मी घेऊन टाकलं.

क्लबात आमच्यावर देखरेखीला एक म्हातारे गृहस्थ असतात. आमच्याच कारखान्यातून निवृत्त झालेले, पांढऱ्या मिशा, बोलणं तोलूनमापून. सगळे त्यांना नावानं हाक मारतात, मी मनातल्या मनात आजोबा म्हणते. त्यांनी पिस्तूल उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, “छान आहे. आल्झो, तर एक लक्षात ठेव. लहान आहे म्हणजे सोपं आहे असं नाही. हे मोठ्यापेक्षा जास्त त्रास देणार.”

आणि दिलाच त्यानं त्रास. हलकं असल्यामुळे गोळी सुटली की ते हातात अशी उडी मारायचं, की माझे खांदे कानाला टेकायचे. वरचा सरकता भाग मागे ओढायचा तर आतली स्प्रिंग इतकी कडक, की पहिल्या दिवशी मी ते दोन गुडघ्यांत धरायला निघाले होते आणि आजोबांनी मला जवळजवळ शिवीच हासडली. मॅगझिनमध्ये गोळ्या भरून भरून अंगठा असा दुखायचा, जसा डाळिंब्या सोलल्यावर दुखतो. एवढं करून कागदावर बघावं, तर सगळी भोकं खाली, डाव्या कोपऱ्यात, एकमेकांच्या गळ्यात गळे घालून बसलेली. पिस्तुलातच दोष आहे, असं मी दोन आठवडे ठामपणे सांगत होते. मग आजोबांनी एकदा मला न सांगता भरलेल्या गोळ्यांत मध्येच एक प्लास्टिकची खोटी गोळी सरकवली. मी नेम धरला, चाप ओढला, आवाज झालाच नाही, आणि माझं मनगट मात्र आपण होऊन खाली झुकलेलं मला स्वतःलाच दिसलं. आवाज होण्याआधीच मी त्याला घाबरत होते. मागे कुणीतरी हसलं. मी वळून बघितलं तसं ते हसू थांबलं.

त्या दिवसापासून आमची खरी ओळख सुरू झाली. घरी लेकीच्या रिकाम्या खोलीत मी रोज थोडा वेळ उभी राहायचे. गोळ्या तिजोरीत, पिस्तुलात फक्त ती प्लास्टिकची गोळी, समोर भिंतीवर एक काळा ठिपका. नळीच्या टोकाजवळ एक सेंटचं नाणं ठेवायचं आणि ते पडू न देता चाप ओढायचा. चाप आधी थोडा सैल येतो, मग एका जागी अडतो, मग कळेल न कळेल असा सुटतो. ती अडण्याची जागा बोटाला सापडली त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच शिरा केला. ते हातात घेतलं की आधी गार लागायचं आणि जरा वेळानं माझ्याइतकंच कोमट व्हायचं. साफ करायचं काम तर मला फारच आवडायला लागलं. सगळे भाग सुटे करून जुन्या टॉवेलवर मांडायचे, नळीतून ब्रश फिरवायचा, तेलाचं एकेक बोट लावायचं. त्या तेलाला माझ्या आईच्या शिवणयंत्राचा वास होता. खिडकीबाहेर शेजाऱ्याचं गवत कापायचं यंत्र घरघरत असायचं, आणि मला खरंच फार बरं वाटायचं.

अशातच नवरात्राच्या आधी सासूबाई आल्या. सासरे आदल्या वर्षी गेले होते. त्यानंतरची ही पहिली दिवाळी त्यांनी एकटीनं त्या घरात काढू नये म्हणून आम्ही दोघांनी गळ घालून त्यांना बोलावलं होतं. व्हिसा तीन महिन्यांचा होता. दसरा, दिवाळी, मग नाताळचे बाजार दाखवायचे, असा सगळा बेत होता. आणि एक सांगते, सासूबाई मला आवडतात. कामात चोख, बोलण्यात मोजक्या, आणि माझा आवाज चढला की त्या हातातलं काम न थांबवता माझ्याकडे एकदा बघतात, तेवढंच.

त्यांना लेकीची खोली दिली होती. माझा सराव मग कपड्यांच्या कपाटाच्या खोलीत सुरू झाला. मी त्यांना पिस्तुलाबद्दल सांगणारच होते, पण त्या आल्या आल्या कसं सांगायचं, म्हणून रोज उद्यावर ढकलत होते. चौथ्या की पाचव्या दिवशी त्यांनी इस्त्री शोधत दार उघडलं. आत मी, घरातल्या कपड्यांत, पायात लोकरीचे मोजे, दोन्ही हातांत पिस्तूल, नेम भिंतीवर. टक्, असा चापाचा आवाज झाला. सासूबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी दार जसं उघडलं होतं तसंच हळू लावून घेतलं.

मी ते तिजोरीत ठेवून स्वयंपाकघरात गेले तेव्हा त्या खुर्चीवर बसून होत्या. मी सगळं सांगितलं. खेळ आहे, परवाना आहे, आकडा माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही, आत्ता ते रिकामं होतं. त्यांनी ऐकून घेतलं.

“भांडण कुठल्या घरात होत नाही?” त्या म्हणाल्या. “भांडणात माणसाचा हात हाताशी असेल त्याच्यावर जातो. घरात असलं काही नको गं.”

“अहो आई, मी काय कुणावर पिस्तूल रोखणार आहे का?”

“तुझा राग मला माहीत नाही होय?”

हे मला लागलं. इतकं लागलं, की मी लगेच ओरडले, म्हणजे त्यांचंच म्हणणं खरं करून दाखवलं. संध्याकाळी त्या कोल्हापूरला माझ्या नणंदेशी फोनवर बोलताना ऐकू आल्या. दसरा झाला की मी परत येते, दिवाळी तुझ्याकडेच करू, तिकीट बदलता येतं का बघ. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. तो फक्त एवढंच म्हणाला, “क्लबात ठेवता नाही येणार का ते?” नव्हतं येणार. आमच्या क्लबात तशी तिजोरी नाही. विकून टाकणं किंवा सासूबाईंना जाऊ देणं, एवढेच दोन रस्ते मला दिसत होते. मला दोन्ही नको होते. सासूबाईही हव्या होत्या आणि पिस्तूलही हवं होतं.

खंडेनवमीच्या दिवशी सकाळी त्यांनी पाट मांडला. त्यांच्या घरी ही पूजा कधी चुकली नाही. पाटावर लाल कापड, त्यावर कात्री, सुरी, किसणी, नवऱ्याचा लॅपटॉप, माझा पान्यांचा संच, स्क्रू ड्रायव्हर, गाडीच्या दोन्ही किल्ल्या. फुलांसाठी मी बागेच्या दुकानातून झेंडूची कुंडीच उचलून आणली होती. सासूबाईंनी सगळ्यावरून एकदा नजर फिरवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “ते पण आण.”

“काय?”

“घरात शस्त्र आहे आणि पूजेला नाही, हे बरं दिसत नाही. मला ते आवडत नाही हे वेगळं.”

मी उठले. तिजोरी उघडली, मॅगझिन काढलेलं आहे ना ते पाहिलं, पुन्हा पाहिलं. रिकामं आहे हे कुणालाही लांबून दिसावं म्हणून वरचा भाग मागे ओढून अडकवून ठेवायचा, ही क्लबची शिकवण. तसं उघडं करून मी ते कात्रीच्या शेजारी ठेवलं आणि पाटाला चिकटून बसले.

“हात नाही लावायचा हं आई. कायदा आहे.”

“देवाला कसला आलाय कायदा?”

“देवाला नाही. तुम्हाला.”

त्यांच्या तोंडाचा कोपरा जरासा हलला. मग त्यांनी कात्रीला हळद-कुंकू लावलं, लॅपटॉपला लावलं, नवऱ्यानं कीबोर्डला नको म्हणून हात जोडले. पिस्तुलाला माझ्याकडून मुठीवर एक बोट कुंकू लावून घेतलं. अक्षता मात्र त्यांनी स्वतःच टाकल्या. हात लावायचा नव्हता म्हणून लांबूनच, लग्नात टाकतात तशा. मग डोळे मिटून त्या बराच वेळ काहीतरी पुटपुटत राहिल्या. निरांजनाच्या उजेडात पिस्तूल इतकं गरीब दिसत होतं, की मला त्याचं हसू आलं आणि मायाही आली. पूजा झाल्यावर मी कुंकू पुसलं, वरचे दोन-चार तांदळाचे दाणे झटकले, आणि ते परत तिजोरीत ठेवलं. तिकिटाबद्दल कुणी काही बोललं नाही.

त्या आठवड्यातच क्लबात गेले. त्या दिवशी मला स्वतःवर फार विश्वास होता. मॅगझिन बसवलं, वरचा भाग सोडला, आणि तो पुढे जाता जाता नखभर अलीकडेच थांबला. चाप ओढला तर काहीच नाही. अशा वेळी नळी समोर ठेवून नुसता हात वर करायचा असतो. मी केला. आजोबा आले, बाकीच्यांना थांबवलं, माझ्या हातातून पिस्तूल घेऊन रिकामं केलं आणि टेबलावर सुटं केलं. मग चष्मा कपाळावर चढवून चिमट्यानं आतून काहीतरी काढलं आणि दिव्याखाली धरलं. कुंकवात भिजवलेला, तेलात माखलेला, लालभडक तांदळाचा दाणा.

“हे तांदूळ आहेत का?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“लाल?”

सगळे गोळा झाले होते. माझे कान तापले. दिवसभर कुलपांमध्ये मिलिमीटरचे भाग मोजणारी मी, आणि वरचा भाग मागे अडकवला की जी फट उघडी राहते तिच्यात तांदूळ पडतो हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी तुटक तुटक सांगितलं, की आमच्याकडे वर्षातून एकदा कामाच्या हत्यारांची पूजा करतात, फुलं वाहतात, तांदूळ टाकतात. आजोबांनी गंभीरपणे ऐकलं.

“गाड्यांची पण करता?”

“हो. गाड्यांची तर पहिली.”

“मग तुम्ही लोक कारखान्यात हवे होतात, आमचा रंगाचा विभाग बंद पडायचा तेव्हा,” ते म्हणाले. सगळे खो खो हसले. त्यांनी तो दाणा कागदाच्या रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिला. तो देवाचा आहे म्हटल्यावर कचऱ्यात कसा टाकायचा, हा प्रश्न त्यांना पडला होता. मी हसले, पण दात दाखवण्यापुरतंच. माझा संपूर्ण सराव गेला होता आणि वर गावभर आता हीच गोष्ट फिरणार होती.

घरापर्यंत येता येता माझं डोकं चांगलंच तापलं. दारातूनच मी सुरू झाले, “आई, अहो तुमच्या अक्षता सगळ्या आत गेल्या होत्या, सगळ्या लोकांसमोर...” सासूबाई ओट्यापाशी होत्या. त्या वळल्या. त्या माझ्या तोंडाकडे बघत नव्हत्या, माझ्या हातातल्या पेटीकडे बघत होत्या, आणि बघता बघता एक पाऊल मागे सरल्या.

मी पेटी घेऊन आत गेले, तिजोरीत ठेवली, आकडा फिरवला, आणि रिकाम्या हातांनी परत आले.

“तुला लागलं का कुठं?” त्यांनी विचारलं.

“नाही. ते चाललंच नाही.”

“चाललंच नाही?” त्या खुर्चीवर बसल्या. “मीच म्हटलं होतं तसं.”

“कुणाला?”

“देवीला. पूजेच्या वेळी. म्हटलं, हे बंद पडू दे. पण तुला काही होऊ दे असं नव्हतं गं म्हटलं. नंतर माझ्या जिवाला नुसता घोर लागला होता.” त्यांचे डोळे भरले होते.

मला एकदम हसूच फुटलं. पोट धरून हसले. आमच्या कारखान्यात एखादी वस्तू नापास करायची तर किती चाचण्या, किती सह्या लागतात, आणि इथे एका दाण्यात काम झालं होतं. नवरा मीटिंग सोडून बाहेर आला. त्याला सांगितलं तर तोही हसायला लागला, आणि शेवटी सासूबाईही पदरानं डोळे पुसत हसल्या. हसून झाल्यावर त्या म्हणाल्या, “तू तिथं जाऊन करतेस तरी काय, ते मला एकदा बघू दे.”

शनिवारी क्लबात आमच्या आमच्यातच छोटीशी स्पर्धा होती. सासूबाई साडीवर लेकीचं जाड जाकीट आणि पायात बूट घालून आल्या. आजोबांनी त्यांच्यासाठी स्वतः खुर्ची आणली, कॉफी दिली, प्लमचा केक पुढे केला. सासूबाईंनी मला विचारलं, “अंडं असेल का गं यात?” असणारच होतं. त्यांनी केक हातानं अडवून आजोबांना नमस्कार केला, आजोबांनीही कॉफीचा कप खाली ठेवून तसाच हात जोडून नमस्कार केला. मग त्या जाड काचेच्या पलीकडे बसल्या आणि मी अलीकडे माझ्या जागेवर गेले.

पाच गोळ्या आणि ठरावीक वेळ. पहिल्या चार ठीक गेल्या, मधल्या काळ्या वर्तुळाच्या आसपास. पाचवीला मी पिस्तूल वर नेलं आणि नेमाची खूण डुचमळायला लागली. मागे काचेपलीकडे सासूबाई आहेत, हे आठवलं असेल, काही असेल. श्वास सोडला, पुन्हा धरला. नाही. अशा वेळी मारायची नसते. हात खाली आणायचा, पिस्तूल टेबलावर टेकवायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. मी खाली आणलं. परत वर नेलं. तीच गत. परत खाली. तिसऱ्यांदा वर नेलं तेव्हा बोट त्या अडण्याच्या जागेपर्यंत गेलं होतं, आणि तरी मनाला पटेना. मी हात खाली आणला आणि वेळ संपल्याची शिट्टी झाली. पाचवी गोळी तशीच राहिली. आजोबांनी ती काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, “गेनाऊ. असंच.” माझा नंबर खालून दुसरा आला.

परत येताना सासूबाई शेजारी बसल्या होत्या. रस्त्याच्या कडेला शेतांत बीटाचे मातकट ढीग लागलेले होते, आणि त्या ते बघत होत्या.

“शेवटची का नाही मारलीस?” त्यांनी विचारलं.

“हात ठरत नव्हता.”

“सगळे बघत होते की.”

“बघू देत. हात ठरत नसेल तर खाली ठेवायचं. ते सगळ्यात आधी शिकवतात.”

त्यांनी हीटरपुढे हात शेकले. मग त्या म्हणाल्या, “ह्यांना ते कधी जमलं नाही.”

“काय?”

“हातातलं खाली ठेवणं. राग आला की हातात असेल ते फेकायचे. ताट असो, तांब्या असो. एकदा अडकित्ता होता.” त्यांनी कानावरचे केस बोटांनी वर केले. मी रस्त्यावरची नजर क्षणभर काढून बघितलं. केसांच्या आत एक पांढरी रेघ होती, चांगली लांब. “टाके पडले होते. लोकांना सांगितलं, फडताळाचं दार लागलं.”

मी ओळखत होते ते सासरे निवृत्त झालेले होते. मला सुपारी कातरून द्यायचे, जर्मनीतल्या थंडीची चौकशी करायचे, लेकीला पत्त्यांत मुद्दाम जिंकू द्यायचे. मी गाडी पुढच्या बसथांब्यापाशी बाजूला घेतली, कारण मला चालवणं जमेना.

“ह्याला माहीत आहे?” मी नवऱ्याबद्दल विचारलं.

“दारातच उभा होता. पाठीला दप्तर होतं.”

माझ्या नवऱ्याची एक सवय आहे. माझा आवाज चढला की तो जाकीट घालतो आणि जुने कागद कोपऱ्यावरच्या रद्दीच्या पेटीत टाकायला जातो, घरात कागद नसले तरीही. मैत्रिणींना मी ही गोष्ट कितीदा रंगवून सांगितली आहे. मला रडू आलं. त्याच्यासाठी आलं, त्यांच्यासाठी आलं, आणि मी त्यांना ओट्यापाशी एक पाऊल मागे सरायला लावलं होतं त्यासाठीही आलं. सासूबाईंनी माझ्या मांडीवर हात ठेवला.

“तू ओरडतेस फार,” त्या म्हणाल्या. “ते काही मला आवडत नाही. पण तुझ्या हाताची मला आता भीती वाटत नाही.”

त्यांनी जाकिटाच्या खिशातून कागदी रुमाल काढून दिला, मी नाक पुसलं, आरशात बघून गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. गावाची पाटी दिसायला लागली तेव्हा त्यांनी विचारलं, “दिवाळीला चकलीची भाजणी मी काही आणलेली नाही. इथं कुठं मिळते का, की घरीच भाजायची?”

“घरीच भाजू,” मी म्हणाले.